एडवर्ड लिअर: चित्रकार आणि त्याची भटकंती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एडवर्ड लिअर म्हणजे तो घुबड आणि मांजरीच्या कवितेवालाच ना?

हो, तोच. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना तो त्या कवितेमुळे माहीत असतो. बाकीच्यांना लिमरिकमुळे, म्हणजे आपल्याकडच्या वात्रटिकेच्या चुलतभावामुळे. पण व्यवसाय विचारला तर तो एकच सांगायचा: निसर्गचित्रकार. प्रवासवर्णनांच्या पुस्तकांवरही त्याने स्वतःचा उल्लेख 'एक निसर्गचित्रकार' असाच केला आहे. कविता हा मित्रांच्या पोरांना हसवायचा उद्योग होता. पोट भरायचं ते चित्रांवर, आणि ते कायम अर्धवटच भरायचं.

जन्म, घर, शिक्षण?

१२ मे १८१२, लंडनच्या उत्तरेला हॉलोवे इथे. एकवीस भावंडांत आपला नंबर विसावा, असं तो सांगे. त्यातली बरीच लहानपणीच गेली. वडील शेअर दलाल होते, ते अडचणीत आले आणि घराची घडी विस्कटली. एडवर्डला वाढवलं ते त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या ॲन या बहिणीने. चित्रं काढायलाही तिनेच शिकवलं. शाळा जवळजवळ नाहीच.

पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्याला फेफरं येत असे. त्याने त्या दुखण्याचं नाव 'राक्षस' ठेवलं होतं, आणि त्यामागोमाग येणाऱ्या उदासीलाही वेगळं नाव होतं. झटका येणार हे त्याला आधी कळायचं, मग तो काहीतरी निमित्त काढून खोलीत जायचा. रोजनिशीत त्या दिवशी एक फुली. जिवलग मित्रांनाही जन्मभर पत्ता लागला नाही. तो एका जागी फार काळ का टिकत नसे, सतत माणसांत असूनही एकटा का राहायचा, लग्न का केलं नाही, या सगळ्या प्रश्नांच्या उत्तरात या फुल्यांचा वाटा आहे असं मला वाटतं.

पोपटांचं काय प्रकरण आहे?

पंधराव्या वर्षापासून तो चित्रं विकून कमवत होता. अठराव्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून पोपट रंगवायची परवानगी त्याने मिळवली. तेव्हाचे बहुतेक पक्षी-चित्रकार पेंढा भरलेल्या पक्ष्यावरून काम करत. याने जिवंत पक्षी घेतले. रखवालदार पोपट धरून ठेवायचा आणि हा पंखांची, चोचीची मापं घ्यायचा. १८३० ते १८३२ मध्ये मोठ्या आकाराच्या ४२ शिळाछाप चित्रांची मालिका निघाली, फक्त १७५ प्रती. पुढचे भाग पैशाअभावी राहिले. ब्राझीलमधल्या एका निळ्या मकाव पोपटाला आजही लिअरचंच नाव आहे.

पुढे डर्बीचा अर्ल या उमरावाकडे, नोज्ली हॉल या त्याच्या वाड्यात, त्याच्या खासगी प्राणिसंग्रहातले प्राणी रंगवायचं काम मिळालं. त्या घरातल्या पोरांसाठीच वात्रटिका सुरू झाल्या. पण बारीक कामाने डोळे अधू झाले. १८३६ मध्ये पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डला तो लिहितो की आता शहामृगाहून लहान पक्षी मला दिसेल असं वाटत नाही. पुढच्याच वर्षी तो रोमला गेला. डोंगर पिसापेक्षा मोठा असतो, हा हिशेब त्यात असणारच.

रोममध्ये तो किती वर्षं होता?

१८३७ ते १८४८, अधूनमधून इंग्लंडच्या फेऱ्या सोडून. हिवाळ्यात शहरात स्टुडिओ आणि गिऱ्हाइकं, उन्हाळ्यात पायी भटकंती. इटलीवरच्या त्याच्या पुस्तकामुळे १८४६ च्या उन्हाळ्यात व्हिक्टोरिया राणीने त्याला चित्रकलेच्या शिकवणीसाठी बोलावलं. बारा शिकवण्या झाल्या. राणीने आपल्या रोजनिशीत शिक्षकाचं कौतुक केलं आहे.

प्रवासातला सर्वांत मजेशीर प्रसंग कोणता?

माझ्या मते दोन आहेत, एक निवडता येत नाही.

पहिला १८४७ चा, दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाचा. लिअर रेज्जो शहरात आला आणि नेमका त्याच रात्री नेपल्सचा राजा फर्डिनंड याच्याविरुद्ध उठाव झाला. रस्त्यावर मशाली, बँड, झेंडे. दमलेल्या लिअरला फक्त आपल्या खोलीची किल्ली हवी होती. हॉटेलातला वेटर स्वातंत्र्याच्या आणि दारूच्या नशेत. तो म्हणाला, आता किल्ल्या नाहीत, पासपोर्ट नाहीत, फर्डिनंड नाही, कायदे नाहीत, काहीच नाही! क्रांतीवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, पण किल्ली मागणाऱ्या पाहुण्याच्या नजरेतून ती क्वचितच दिसते.

दुसरा अल्बेनियाचा, १८४८ चा. एल्बासान गावाबाहेर तो चित्र काढायला बसला. एकेक करत शंभरेक माणसं गोळा झाली. कागदावर आपल्या गावातली इमारत ओळखू येताच सगळे ओरडले, "शैतान!" मग तोंडात बोटं घालून सगळ्यांनी एकदम शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली. लिअरला हसू आवरेना, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ते पाहून गर्दीही हसत सुटली. त्या प्रांतात त्याने दगडही खाल्ले होते, तेव्हा त्याने टोपी बदलून तुर्की फेझ घातली. माणसाचं चित्र काढणं धर्मबाह्य मानणाऱ्या गावात घरदार कागदावर 'पकडणारा' परका म्हणजे सैतानच. आपल्याकडेही फोटो काढल्याने आयुष्य कमी होतं असं म्हणणाऱ्या आज्या होत्याच की.

तो एकूण कुठे कुठे गेला?

इटली, सिसिली, माल्टा, कॉर्फू आणि आसपासची आयोनियन बेटं, ग्रीस, क्रीट, अल्बेनिया, कॉन्स्टँटिनोपल, माउंट अथॉस, इजिप्त, नाईलवरून थेट न्यूबिया, सिनाई, जेरुसलेम, पेट्रा (आजच्या जॉर्डनमधलं, खडकात कोरलेलं प्राचीन शहर), लेबनॉन, कॉर्सिका, हिंदुस्थान, सिलोन. यातलं कितीतरी खेचरावर, उंटावर किंवा पायी. जाड भिंगांचा चष्मा, वाढलेलं पोट, दाट दाढी आणि पोटात कायम त्या झटक्याची भीती, अशा माणसाने.

पेट्रात त्याला लुटलं होतं का?

हो, एप्रिल १८५८ मध्ये. वेगवेगळ्या टोळ्यांचे अरब पैसे मागत जमले. वाद वाढला. त्याला ओढलं, ढकललं, खिसे उलटे केले. नाणी, चाकू, रुमाल आणि उकडलेली अंडी, सगळं गेलं. पिस्तुलं आणि घड्याळ तेवढं राहिलं. ही यादी त्यानेच दिली आहे, आणि अंडी विसरला नाही. दोन दिवससुद्धा तिथे धड मिळाले नाहीत, तरी जमलं तेवढं काढूनच तो निघाला.

पेट्राबद्दलचं सर्वांत चांगलं वाक्य मात्र त्याचं नाही, त्याचा नोकर ज्योर्जो कोकाली याचं आहे. ते लाल-गुलाबी-तपकिरी कडे पाहून तो म्हणाला, मालक, इथे सगळं चॉकलेट, हॅम, करी पावडर आणि सामन माशाचं बनलेलं आहे! रंगाचं इतकं नेमकं वर्णन अख्ख्या कला-समीक्षेत सापडणं कठीण.

हा ज्योर्जो कोण?

मूळ सुली या डोंगरी भागातल्या घराण्यातला, कॉर्फूत राहणारा. १८५६ पासून १८८३ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं तो लिअरबरोबर होता. स्वयंपाक, सामान, भाडंतोडं, आजारपण, सगळं तोच बघायचा. लिअरने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं. हिंदुस्थानातही तो सोबत होता. नोकर म्हणावं तर नातं त्याहून मोठं होतं, मित्र म्हणावं तर पगार एकाच बाजूने जात होता.

लिअर काम कसं करायचा? रंग तिथेच बसून लावायचा का?

हा प्रश्न चित्रकार मंडळी नेहमी विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

जागेवर तो मुख्यतः शिसपेन्सिलने काम करी, आणि भराभर. सकाळचा पहिला प्रहर साधायचा, उन्हं चढली की पुढे निघायचं. चित्राच्या कोपऱ्यात ठिकाण, तारीख, वेळ (अगदी मिनिटांसह) आणि अनुक्रमांक. मग रेखाटनावरच, झाडावर झाड, पाण्यावर पाणी अशा नोंदी: हा भाग फिका जांभळा, इथे सावली, इथे मेंढ्या. खडकांसाठी असलेला इंग्रजी शब्द तो मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिही, कारण स्वतःला हसवल्याशिवाय त्याला करमत नसे. नंतर मुक्कामावर, कधी कधी कित्येक महिन्यांनी, त्या पेन्सिलीवर सेपिया शाईने रेघ ओढायची आणि वरून पातळ जलरंगाचा वॉश द्यायचा. नोंदी शाईतही तशाच ठेवायच्या.

हे कागद त्याच्या लेखी कच्चा माल होते. विकायला नव्हतेच. यांच्यावरून स्टुडिओत 'खरी' चित्रं करायची, अशी त्याची समजूत. आज उलटं झालं आहे. मोठी तैलचित्रं पाहताना मान आदराने हलते, पण नोंदींनी भरलेला कागद पाहताना आपण त्याच्या शेजारी जाऊन बसतो. रेघ कुठेच अडखळत नाही. मोकळा सोडलेला कागद ऊन होऊन बसतो. शाळा-कॉलेजात जलरंगाचे गुरुजी "कागद राखा, कागद राखा" म्हणत असतात, ते याने कोणी न सांगता केलं.

मग तैलचित्रं वाईट आहेत का?

वाईट नाहीत. घामाची आहेत. शिक्षण कमी पडलं हा सल त्याला होता, म्हणून राणीला शिकवून झाल्यावर सदतिसाव्या वर्षी तो रॉयल अकॅडमीच्या शाळेत पोरांच्या रांगेत जाऊन बसला! १८५२ मध्ये चित्रकार विल्यम होल्मन हंट भेटला. तो पंधरा वर्षांनी लहान, पण लिअर त्याला 'डॅडी' म्हणायचा. हंटचं म्हणणं असं की जे रंगवायचं ते समोर ठेवून रंगवा. त्याप्रमाणे लिअरने सिसिलीतल्या सिराक्यूजच्या खाणींचं चित्र इंग्लंडात हेस्टिंग्जजवळ केलं, कारण तिथे तसे खडक आणि अंजिराचं झाड होतं. ते २५० पौंडांना गेलं.

पण लेबनॉनच्या देवदारांचं नऊ फुटी चित्र फसलं. १८६१ मध्ये त्याने ७०० गिनी (म्हणजे ७३५ पौंड) किंमत लावली. एका समीक्षकाने झोडपलं, आणि अखेर १८६७ मध्ये ते २०० पौंडांत गेलं. या चित्रासाठी तो इंग्लंडातल्या एका हॉटेलच्या आवारातले देवदार समोर ठेवून थंडीत कुडकुडत बसला होता.

खर्च भागवायला मग दुसरा मार्ग: पन्नास-साठ कागद एकदम मांडायचे, आधी सगळ्यांवर एक रंग, मग सगळ्यांवर दुसरा. गणपतीच्या कारखान्यात एका दिवशी सगळ्या मूर्तींचे पितांबर रंगवतात, तसं. या चित्रांना त्याने 'जुलमी' असं नाव दिलं होतं.

त्याच्या चित्रांत माणसं इतकी बारीक का असतात?

त्याला माणसं चांगली जमत नसत आणि ते त्याला माहीत होतं.

तो हिंदुस्थानात कधी आणि कसा आला?

व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक हा त्याचा रोममधल्या दिवसांपासूनचा मित्र. येण्या-जाण्याचा, राहण्याचा खर्च माझा, बदल्यात चित्रं दे, असं त्याने कळवलं. १८७२ मध्ये लिअर निघालाही, पण सुएझपर्यंत येऊन परत फिरला. पुढच्या वर्षी पुन्हा निघाला आणि २२ नोव्हेंबर १८७३ रोजी मुंबईत उतरला. वय एकसष्ट. जानेवारी १८७५ मध्ये मुंबईहूनच परत गेला.

मधल्या चौदा महिन्यांत लखनौ, बनारस, कलकत्ता, दार्जिलिंग, आग्रा, दिल्ली, सिमला, पुणे, हैदराबाद, मद्रास, तंजावर, उटी, मलबार किनारा, सिलोन. सिलोनमध्ये ज्योर्जोला आमांशाने गाठलं आणि प्रवास आटोपता घ्यावा लागला.

मुंबई त्याला आवडली का?

वेडा झाला. पहिल्या दिवसाच्या नोंदीत उद्गारचिन्हांची रांग आहे: रंग, पेहराव, अशक्य वाटावं इतकं चित्रमय सगळं, आणि ते अगणित. कलकत्त्याला मात्र व्हाइसरॉयच्या वाड्यातल्या मेजवान्यांनी तो इतका वैतागला की त्याने शहराचं नाव 'हसलफसाबाद' ठेवलं. धावपळ, गडबड आणि पुढे आपलं 'आबाद'. औरंगाबाद-अहमदाबादच्या माणसाला हा विनोद समजावून सांगायला लागत नाही.

बनारसबद्दल त्याने काय लिहिलं?

हे महत्त्वाचं आहे. हिंदुस्थानची चित्रं इंग्लंडात पोचवली ती आधीच्या पिढीतल्या डॅनियल काका-पुतण्यांनी. ती पाहून लिअरची कल्पना होती की बनारस म्हणजे फिकट, करडं, गंभीर, उदास गाव. प्रत्यक्षात घाटावर बघतो तर गलबला आणि झगझगीत रंग. त्यापुढे कॉन्स्टँटिनोपल आणि नेपल्स मंद वाटतात, असं तो लिहितो. दुसऱ्याच्या चित्रावरून बांधलेली समजूत डोळ्यांनी मोडली आणि ते त्याने कबूल केलं. आपल्याकडे आलेल्या साहेबांमध्ये हा गुण दुर्मीळच.

कांचनजंगा?

नॉर्थब्रूकच्या मागणीतलं मुख्य चित्र हेच. जानेवारी १८७४ मध्ये तो दार्जिलिंगला पोचला. ढग हटायची वाट बघत थंडीत बसावं लागलं. त्याचं मत असं की हा डोंगर जवळचा वाटत नाही. फार लांब, फार देवासारखा. खाली दऱ्यांत गडद धुकट जग, ते रंगवायचं कसं? घरी गेल्यावर त्याने त्याची मोठी तैलचित्रं केली, नॉर्थब्रूकसाठी एक आणि आणखी दोन गिऱ्हाइकांसाठी. १८७९ चं एक आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पुढे झाडं, नेचे, चिमुकली माणसं, आणि मागे ते पांढरं, पत्ता न लागू देणारं शिखर.

पुण्यात तो काय करत होता?

पावसाळा काढत होता. जून १८७४ मध्ये त्याची पत्रं पुण्याहून जातात.

आणि याच पावसाळ्यात, जुलै १८७४ मध्ये, मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्याची एक कविता छापून आली. इंग्रज वाचकाला ती निव्वळ बडबड वाटते. आपल्याला खरी गंमत कळते, कारण आपल्याला शब्दांचे अर्थ माहीत आहेत. कवितेतली सुंदरी धोबीवर बसून चांदणी बघते आहे. येणारे-जाणारे पंखे तिचं कौतुक करतात. भोवती उंच खानसामे उगवलेत, निळ्या चौक्यांवरून खिदमतगारांच्या वेली लोंबतायत. नदीत सोनेरी परांचे चपराशी पोहतायत, झाडाच्या शेंड्यावर हिरव्या आया (पोरं सांभाळणाऱ्या बायका) बसल्यात, भिस्ती चिवचिवतायत आणि रात्रभर मशक रडते आहे. शेवटी 'कमरबंद' नावाचा राक्षस येऊन बाईला गिळतो. लोक तिचा धोबी भिंतीला खिळ्यांनी ठोकतात.

साहेबांच्या बंगल्यातले सगळे नोकर यात आहेत, फक्त झाडं, मासे आणि पक्षी होऊन. आजूबाजूला दिवसभर ऐकू येणाऱ्या शब्दांचा अर्थ न कळणाऱ्या पाहुण्याचं डोकं असंच चालत असणार. मला ही कविता वाचून दरवेळी हसू येतं, आणि हिरव्या आया आठवून थोडं अस्वस्थही व्हायला होतं.

त्या काळातला दुष्काळ, शेतकऱ्यांचे हाल त्याच्या चित्रांत दिसतात का?

नाही. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ होता आणि त्याचा यजमान नॉर्थब्रूक ब्रह्मदेशातून तांदूळ आणवत होता. लिअर पुणे सोडून गेला त्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली. दख्खनचे दंगे ते हेच. लिअरच्या कागदावर मात्र ताडाची झाडं, देवळं, डोंगर आणि पाण्यावर माणसं. त्याला दोष द्यावा असं मी म्हणत नाही, पण ही चित्रं पाहून "तेव्हाचा महाराष्ट्र किती शांत होता!" असं कोणी म्हणालं तर त्याला सुप्याचं नाव जरूर सांगावं.

उतारवयात तो कुठे होता?

इटलीच्या किनाऱ्यावर, सान रेमोत. १८७१ मध्ये त्याने तिथे स्वतःचं घर बांधलं. काही वर्षांनी समोर हॉटेल उभं राहिलं आणि स्टुडिओतला उजेड गेला. मुंबई-पुण्यातल्या कुणालाही हे दुःख कळेल. कवी टेनिसन याचं नाव देऊन त्याने दुसरं घर बांधलं, नकाशा पहिल्यासारखाच. कारण काय, तर त्याच्या फॉस नावाच्या शेपूटतुट्या बोक्याला नव्या घरात चुकल्यासारखं होऊ नये! ही दंतकथा असेल, पण लिअरच्या बाबतीत खोटी वाटत नाही. टेनिसनच्या कवितांसाठी दोनशे निसर्गचित्रं करायचा बेत शेवटपर्यंत अपुरा राहिला. बोका १८८७ मध्ये गेला, लिअर २९ जानेवारी १८८८ रोजी. सान रेमोच्या स्मशानात त्याच्या कबरीशेजारी ज्योर्जोची स्मृतिशिळा आहे.

मूळ चित्रं कुठे बघायला मिळतील?

सर्वांत मोठा साठा हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. साडेतीन हजारांहून जास्त रेखाटनं, शिवाय रोजनिश्या. हिंदुस्थानच्या प्रवासातले कागदही तिथेच, आणि बरंच काही ऑनलाइन फुकट बघता येतं. ग्रीसची चित्रं अथेन्सच्या गेनाडियस ग्रंथालयात, जेरुसलेमचं एक तैलचित्र ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात.

बघताना एक करा. चित्र मोठं करून आधी कोपऱ्यातली वेळ वाचा, मग नोंदी, मग चित्र.

त्याच्या पद्धतीने काम करून बघायचं तर काय लागेल?

पेन्सिल, कागद आणि नोंद करायची शिस्त. मी गेल्या पावसाळ्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर करून पाहिलं. तासाभरात सिंहगडाची बाजू कशीबशी आली. कागदाच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: "सकाळी ७.४०. डोंगर निळा-राखी. अलीकडे हिरवा, त्याच्याही अलीकडे फार हिरवा, आणि इथे", त्यापुढचं पावसाने पुसलं.